लोकांना कुणी विचारलं का? : राल्फ बंच यांची जीवनकथा

टीव्हीवर फिलिस्तीनची बातमी लागली की युद्धविराम हा शब्द कानावर पडतोच. कधी तो होतो, कधी मोडतो. वर्गात संयुक्त राष्ट्रांचा धडा सुरू असला की मुलं हमखास विचारतात, की युद्धविराम झाला म्हणजे शांतता झाली ना? या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मग मी त्यांना एका माणसाची गोष्ट सांगते.

त्या माणसाचं नाव राल्फ बंच. अमेरिकेतले कृष्णवर्णीय, गुलामीत जन्मलेल्या आजीचे नातू, राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे संयुक्त राष्ट्रांचे मोठे मुत्सद्दी. 1949 साली इस्रायल आणि अरब देशांमध्ये शस्त्रसंधी घडवून आणणारे हेच. त्यासाठी 1950 चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. हा सन्मान मिळवणारे ते जगातले पहिले कृष्णवर्णीय. आज आपल्या मुलांना मार्टिन ल्यूथर किंग माहीत आहेत, मुहम्मद अली माहीत आहेत. बंच यांचं नाव मात्र फार कमी जणांना ठाऊक आहे. ते मुसलमान नव्हते, आपल्या देशाचेही नव्हते. तरी त्यांच्या कामाचा संबंध आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या दोन भूमींशी आला. एक फिलिस्तीन आणि दुसरी बहरीन. एका ठिकाणी लोकांना विचारलं गेलं नाही, दुसऱ्या ठिकाणी विचारलं गेलं. या दोन टोकांच्या मध्ये त्यांचं आयुष्य उभं आहे.

नानीचा हट्ट

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात राल्फचा जन्म झाला. वडील न्हावी होते. आईला संगीताची आवड होती, पण तब्येत नाजूक. हवा मानवेल म्हणून कुटुंब न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्क गावी गेलं. तिथे 1917 साली आई वारली. वडील आधीच घरापासून दुरावले होते. तेरा-चौदा वर्षांचा राल्फ आणि त्याची धाकटी बहीण यांना आईच्या आईने पदराखाली घेतलं. घरात सगळे तिला नाना म्हणत. आपल्याकडे ती नानीच झाली असती.

ही लूसी जॉन्सन म्हणजे उंचीने छोटी आणि मनाने पहाडासारखी बाई. गुलामीत जन्मलेली. मुलांना घेऊन ती लॉस एंजेलिसला आली. राल्फ वर्तमानपत्रं विकायचा, एका सिनेनटाच्या घरी वरकाम करायचा, गालिचे अंथरणाऱ्यांकडे मजुरी करायचा. पण शाळा सुटू द्यायची नाही, हा नानीचा नियम होता.

शाळेत काळ्या मुलांना हातकामाच्या वर्गात टाकायची पद्धत होती. ही मुलं कॉलेजला थोडीच जाणार, असा हिशोब. राल्फलाही तसंच टाकलं. नानी सरळ शाळेत गेली आणि माझा नातू कॉलेजला जाणार आहे, त्याला त्या अभ्यासक्रमात बसवा, असं तिने बजावलं. शाळेला ऐकावं लागलं.

1922 मध्ये राल्फ आपल्या हायस्कूलमध्ये पहिला आला. तरीही शहरातल्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या संस्थेत त्याला घेतलं नाही, कारण कातडीचा रंग. निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी नानीला सांगितलं, की आम्ही राल्फला कधी काळा समजलोच नाही. त्यांना वाटलं, आपण कौतुक करतोय. नानीने त्यांना तिथेच सुनावलं. हा मुलाचा आणि त्याच्या सगळ्या कौमचा अपमान आहे, आपण कोण आहोत याचा आम्हाला अभिमान आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. राल्फ बंच यांनी हा प्रसंग आयुष्यभर मनात जपला आणि मोठेपणी स्वतः लिहून ठेवला.

तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही, हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकलंय. कॉलेजात, ऑफिसात, घर भाड्याने बघताना. त्याला काय उत्तर द्यायचं ते नानीने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय.

झाडू ते हार्वर्ड

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात राल्फला खेळाडू म्हणून शिष्यवृत्ती मिळाली. तो बास्केटबॉल चांगला खेळायचा. बाकीच्या खर्चासाठी त्याच विद्यापीठात झाडलोट करायचा. 1927 मध्ये तिथेही तो पहिला आला. मग हार्वर्ड विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली. पण प्रवास, राहणं, खाणं याचं काय? तेव्हा लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्तीने वर्गणी काढून त्याच्यासाठी 1000 डॉलर जमवले. देणारे लोक श्रीमंत नव्हते. कौमच्या एका हुशार मुलासाठी गरिबांनी खिसा रिकामा केला.

हार्वर्डमधून एम.ए. झाल्यावर 1928 पासून ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले. हार्वर्ड आणि हॉवर्ड, नावं सारखी वाटतात, पण हॉवर्ड हे प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. तिथला राज्यशास्त्र विभाग बंच यांनी उभा केला. रूथ हॅरिस या शाळाशिक्षिकेशी 1930 मध्ये लग्न झालं. दोन मुली, एक मुलगा झाला.

नोकरी सांभाळून त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट पूर्ण केली. विषय निवडला पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच कारभाराचा. टोगोलँड आणि दाहोमी हे शेजारी प्रदेश. दाहोमीला आज आपण बेनिन म्हणतो. दाहोमी ही फ्रान्सची सरळसरळ वसाहत होती. टोगोलँड मात्र पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने फ्रान्सच्या देखरेखीखाली दिलं होतं. म्हणजे कागदावर मालकी नव्हे, अमानत. बंच यांचा प्रश्न साधा होता. या कागदामुळे तिथल्या सामान्य माणसाच्या आयुष्यात काही फरक पडला का?

ग्रंथालयात बसून उत्तर मिळणार नव्हतं. ते स्वतः आफ्रिकेत गेले, तिथल्या दफ्तरांत आणि गावांत फिरले. निष्कर्ष निघाला, की फरक नावापुरताच आहे. देखरेख असो की वसाहत, निर्णय पॅरिसमध्ये होतात आणि ज्याच्या जमिनीचा निर्णय होतो त्याला कुणी विचारत नाही. 1934 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. अमेरिकेत राज्यशास्त्राची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्या वर्षी राज्यकारभार या विषयातला सर्वोत्तम प्रबंध म्हणून हार्वर्डने त्यालाच पारितोषिक दिलं.

पुढे 1936 ते 1938 या काळात ते लंडन आणि केपटाऊनमध्ये शिकले, आफ्रिका आणि आशियात फिरले. लंडनमध्ये जोमो केन्याटांकडून स्वाहिली भाषेचे धडे घेतले. हेच केन्याटा पुढे स्वतंत्र केनियाचे नेते झाले. लोकांना समजून घ्यायचं तर आधी त्यांची जबान शिकायची, हे बंच यांना कळलं होतं.

प्राध्यापक दफ्तरात आले

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला अचानक आफ्रिकेची माहिती हवी झाली. जाणकार माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. 1941 मध्ये बंच यांना सरकारी कामात घेतलं गेलं आणि 1944 मध्ये ते परराष्ट्र खात्यात आले.

1945 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिली गेली. त्या सनदेत स्वराज्य नसलेल्या प्रदेशांबद्दल आणि विश्वस्त व्यवस्थेबद्दल प्रकरणं आहेत. ती घडवण्यात बंच यांचा मोठा हात होता. वसाहतींवर राज्य करणाऱ्या देशांनी तिथल्या लोकांचं हित आधी पाहावं, त्यांना स्वराज्याकडे न्यावं आणि त्याचा अहवाल जगासमोर ठेवावा, असं बंधन पहिल्यांदा कागदावर आलं. टोगोलँडच्या रस्त्यांवर पडलेला प्रश्न असा जगाच्या कायद्यात पोहोचला. 1946 मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

फिलिस्तीन : दोन अहवाल, एक लेखणी

1947 मध्ये ब्रिटनने फिलिस्तीनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवला. अकरा देशांची समिती नेमली गेली. भारतही त्यात होता आणि भारताच्या वतीने न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान बसले होते. बंच समितीच्या कर्मचाऱ्यांमध्ये होते.

समितीत फूट पडली. बहुमत म्हणालं, देशाचे दोन तुकडे करा. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी वेगळी वाट सुचवली, की अरब आणि ज्यू यांचं एकच संघराज्य असू द्या. गंमत अशी, की हे दोन्ही मसुदे तयार करण्याचं काम बंच यांच्याच लेखणीवर येऊन पडलं. नोकरीची शिस्त म्हणून त्यांनी ते केलं, पण त्याची बोच त्यांना लागून राहिली.

29 नोव्हेंबर 1947 रोजी महासभेत फाळणीचा ठराव 33 विरुद्ध 13 मतांनी मंजूर झाला. दहा देश तटस्थ राहिले. भारताने विरोधात मत दिलं. जे फिलिस्तीनी त्या जमिनीवर राहत होते, त्यांचं मत कुणी घेतलं नाही. अरब संघटनांनी समितीवर बहिष्कार टाकला होता हे खरं. पण त्यांची मागणी तरी काय होती? इथे राहणाऱ्यांना ठरवू द्या, इतकीच.

मे 1948 मध्ये इस्रायलची घोषणा झाली आणि युद्ध भडकलं. स्वीडनचे काउंट फोके बर्नाडोट यांना मध्यस्थ नेमलं गेलं. महायुद्धात नाझी छावण्यांतून हजारो कैद्यांची, त्यात ज्यूंचीही, सुटका करवून आणणारा हा माणूस. बंच त्यांचे मुख्य सहकारी झाले. दोघांनी मिळून जो अहवाल तयार केला, त्यात घरदार सोडून पळावं लागलेल्या फिलिस्तीनींना परत येण्याचा हक्क आहे, असं साफ नोंदवलं होतं.

अहवालावर सही झाली आणि दुसऱ्याच दिवशी, 17 सप्टेंबर 1948 रोजी, जेरुसलेममध्ये बर्नाडोट यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी लेही या ज्यू अतिरेकी टोळीचे होते. त्या गाडीत बंच बसायचे होते, पण वाटेत तपासणीत अडकल्याने त्यांना उशीर झाला. त्यांच्या जागी बसलेले फ्रेंच कर्नल आंद्रे सेरो बर्नाडोट यांच्यासोबत मारले गेले. मौत जवळून निघून गेली आणि अर्धवट राहिलेलं काम बंच यांच्या खांद्यावर आलं.

बर्नाडोट यांच्या शिफारशीवर आधारलेला ठराव क्रमांक 194 त्या वर्षी 11 डिसेंबरला महासभेने मंजूर केला. फिलिस्तीनी आजही ज्या वापसीच्या हक्काची मागणी करतात, तिचा आधार हाच ठराव आहे.

रोड्स बेटावरचा सब्र

जानेवारी 1949 मध्ये ग्रीसच्या रोड्स बेटावर एका हॉटेलात इजिप्त आणि इस्रायलचे प्रतिनिधी आले. एकमेकांशी बोलायची तयारी नव्हती. बंच आधी एका बाजूशी बोलायचे, मग दुसऱ्या बाजूशी. मोठा तंटा बाजूला ठेवून आधी छोटा मुद्दा घ्यायचे. चर्चेचा क्रम काय असावा, यावर दोघांची सही घ्यायचे. सही करायची सवय लागू दे, हा त्यामागचा हिशोब. रात्र-रात्र बैठका चालत. सिगारेटचा धूर आणि कागदांचा ढीग. थकवा आला की बिलियर्डच्या टेबलावर खेळ रंगायचा. समोरासमोर बसायला नाखूष असलेली माणसं तिथे हळूहळू सैल झाली.

बंच यांनी तिथल्या कारागिरांकडून नक्षीदार चिनी मातीच्या थाळ्या आधीच बनवून घेतल्या होत्या. करार झाला तर भेट द्यायच्या. नसता झाला, तर याच थाळ्या तुमच्या डोक्यात फोडल्या असत्या, असं त्यांनी नंतर हसत सांगितलं म्हणतात.

फालुजा इथे इजिप्तचे सुमारे 4000 सैनिक वेढ्यात अडकले होते. त्यांत गमाल अब्देल नासर नावाचा तरुण अधिकारीही होता, जो पुढे इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष झाला. 24 फेब्रुवारीला करार झाला आणि ते सैनिक सुखरूप घरी गेले. मार्चमध्ये लेबनॉन, एप्रिलमध्ये जॉर्डन आणि जुलैमध्ये सीरिया यांचे करार झाले. तोफा थांबल्या. हजारो आयांची मुलं वाचली. ही छोटी गोष्ट नाही.

पण हिशोबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. सुमारे सात लाख फिलिस्तीनी बेघर झाले होते. रोड्सच्या टेबलावर त्यांची खुर्ची नव्हती. सह्या राज्यांनी केल्या. नकाशावर ओढलेली रेघ कुठे घर आणि शेत यांच्या मधून गेली. बरतआ नावाच्या गावातून तर ती गावाच्या मधोमध गेली. एकाच खानदानाचे लोक रेघेच्या दोन बाजूंना राहिले. करारांमध्ये लिहिलं होतं, की ही रेघ म्हणजे कायमची हद्द नाही. शस्त्रसंधी ही शांततेकडे जाणारी पहिली पायरी असेल, असंच सगळे समजत होते. दुसरी पायरी आलीच नाही.

टोगोलँडमध्ये ज्या विद्वानाने विचारलं होतं की लोकांना कुणी विचारलं का, त्याच्याच हातून घडलेल्या सर्वांत गाजलेल्या कामात लोकांना विचारलं गेलं नव्हतं. यात बंच यांचा दोष किती आणि मोठ्या राष्ट्रांचा किती, यावर वाद होऊ शकतो. मला वाटतं, मध्यस्थाच्या हातात बंदूक थांबवण्याइतकीच ताकद असते. हक परत देण्याची ताकद ज्यांच्याकडे होती, त्यांनी ती वापरली नाही.

नोबेल आणि स्वतःचं घर

नोबेल जाहीर झालं तेव्हा बंच यांचा पहिला विचार नाकारण्याचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या सेवकाने शांततेसाठी काम करायचं ते बक्षिसासाठी नव्हे, असं त्यांचं मत होतं. सरचिटणीस ट्रिग्वे ली यांनी आग्रह केला, म्हणून त्यांनी ते स्वीकारलं.

त्याआधी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना परराष्ट्र खात्यात मोठं पद देऊ केलं होतं. बंच यांनी नकार दिला. वॉशिंग्टनमध्ये काळ्या माणसांची शाळा वेगळी, हॉटेल वेगळं, वस्ती वेगळी. त्या शहरात मुलं पुन्हा वाढवायची नाहीत, हे त्यांनी ठरवलं होतं. 1954 मध्ये त्यांच्या देशनिष्ठेवर शंका घेऊन चौकशी बसवली गेली. नोबेल मिळालेला माणूस समितीपुढे बसून आपण गद्दार नाही हे सिद्ध करत होता. चौकशीत ते पूर्ण निर्दोष ठरले. 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या एका नामांकित टेनिस क्लबने त्यांच्या मुलाला रंगामुळे सदस्यत्व नाकारलं. गवगवा झाल्यावर क्लबने माफी मागून दार उघडलं, पण बंच आत गेले नाहीत. माझं नाव मोठं म्हणून दार उघडणार असेल आणि साध्या काळ्या माणसाला बंदच राहणार असेल, तर ते दार माझ्या कामाचं नाही, अशी त्यांची भूमिका होती. नानीची शिकवण जिवंत होती.

1956 च्या सुएझ संकटात संयुक्त राष्ट्रांची पहिली शांतिसेना उभी करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. भारताचे जवानही या सेनेत गाझाला गेले. ब्रिटिश सैनिकांसारखा गणवेश असल्याने गफलत होऊ नये म्हणून शिरस्त्राणांना घाईघाईने निळा रंग मारला गेला. ती निळी टोपी आज जगभर ओळखली जाते. 1960 मध्ये काँगोला गेले, तिथे मात्र पंतप्रधान लुमुंबा यांच्याशी त्यांचं जमलं नाही आणि ते काही आठवड्यांत परतले. ते अपयश त्यांच्या खात्यावर राहिलं.

1965 मध्ये मधुमेहाने खंगलेले, पायाने अधू झालेले बंच सेल्माच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत चालले.

बहरीन : शेवटचं काम

आयुष्याच्या अखेरीस, नजर जवळजवळ गेलेली असताना, त्यांनी एक काम गाजावाजा न करता केलं. ब्रिटन आखातातून निघणार होता आणि इराण बहरीनवर जुना दावा सांगत होता. जानेवारी 1969 मध्ये इराणचे शाह दिल्लीत आले असताना त्यांनी जाहीर केलं, की बहरीन बळाने घेणार नाही, तिथल्या लोकांची इच्छा मानू. पण ती इच्छा जाणून घ्यायची कशी? बंच यांनी दोन्ही बाजूंशी महिनोन्‌महिने गुप्त बोलणी केली. 1970 च्या वसंतात संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी बहरीनला गेले. तिथल्या संस्थांना, गावांना, सामान्य माणसांना भेटले. बहुसंख्य लोकांना स्वतंत्र देश हवा होता. 11 मे 1970 रोजी सुरक्षा परिषदेने हा कौल एकमताने मान्य केला आणि इराणनेही तो स्वीकारला. एक गोळी सुटली नाही. ऑगस्ट 1971 मध्ये बहरीन स्वतंत्र झाला.

आज आपल्या कोकणातली, मराठवाड्यातली कितीतरी मुलं बहरीनमध्ये कमावतात. तो देश युद्धाशिवाय जन्माला आला, यामागे एका जवळजवळ अंध झालेल्या प्राध्यापकाची मेहनत आहे, हे त्यांच्यापैकी कितींना माहीत असेल?

9 डिसेंबर 1971 रोजी न्यूयॉर्कमध्ये राल्फ बंच यांचं निधन झालं. त्या दिवशी आपल्या उपखंडात भारत-पाकिस्तान युद्ध सुरू होतं.

तर मुलांच्या प्रश्नाचं उत्तर काय? युद्धविराम म्हणजे शांतता नाही. बंदूक थांबते, एवढंच. शांततेसाठी आणखी एक काम करावं लागतं. ज्याचं घर आहे, जमीन आहे, त्याला बसवून विचारावं लागतं. बहरीनमध्ये ते झालं. फिलिस्तीनमध्ये ते आजही बाकी आहे.

आणि पालकांनो, एक गोष्ट आपल्यासाठी. शाळेने तुमच्या मुलाला मागच्या बाकावर ढकललं, हा पुढे काय शिकणार असं म्हटलं, तर घरी बसून हळहळू नका. नानीसारखं उठा, शाळेत जा. आणि मोहल्ल्यात एखादं मूल हुशार असेल, पण फी भरायला पैसे नसतील, तर लॉस एंजेलिसच्या त्या गरीब वस्तीची आठवण ठेवा.